किलोभराचा स्वस्त लॅपटॉप: साध्या कामाला पुरतो की फसवतो?

कर्जत_लोकल
आठवड्यातून चार दिवस कर्जत ते भायखळा. गाडी कर्जतलाच सुटते, त्यामुळे जाताना खिडकी मिळते आणि पावणेदोन तास माझे असतात. काम मुद्रितशोधनाचं. वर्डची फाइल, शेजारी शब्दकोशाचा टॅब, मेल. संपलं.

त्यासाठी आठ महिन्यांपूर्वी घेतला तो असा: 11.6 इंची, सेलेरॉन एन4020 (स्वस्तातला साधा प्रोसेसर), 4 जीबी रॅम, 64 जीबी ईएमएमसी (हार्ड डिस्कच्या जागी साठवणीची चिप), विंडोज 11. साडेसतरा हजार. ऑफिसातल्या सगळ्यांनी कपाळाला हात लावला. रॅम किती, प्रोसेसर कोणता, सगळं विचारून झालं. वजन एकानेही विचारलं नाही. मी वाण्याच्या काट्यावर ठेवून बघितलं. जुना 15.6 इंची आणि त्याची चार्जरची वीट मिळून 2 किलो 740. हा चार्जरसकट 1 किलो 310. वाणी म्हणाला, ताई, दीड किलो कांदे उतरले की खांद्यावरनं!

जुन्यात आय5 होता, म्हणजे याहून दमदार प्रोसेसर. तो आय5 घरी टेबलावर बसून असायचा आणि मी गाडीत मोबाइलवर अंगठ्याने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचे. माझं मत: काम साधं असेल तर आधी वजन बघा, मग बाकीचं. आता भांडा.

जुना_चार्जर
वजनाचं पटलं. बाकी काही पटलं नाही.

विंडोज 11 ला मायक्रोसॉफ्टच सांगते की कमीत कमी 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज हवं. तुमच्या मशिनमध्ये नेमकं तेवढंच. म्हणजे 35 मार्क मिळवून पास. त्यात अशा मशिनमध्ये बहुतेकदा रॅम बोर्डावरच डकवलेली असते आणि ईएमएमसीही तशीच, म्हणजे उद्या वाढवू म्हटलं तर वाव नाही. 64 म्हणून घेतलेलं विंडोजमध्ये 58 च्या आसपास दिसतं. वीस-पंचवीस विंडोज खातं. मग मोठं अपडेट येतं आणि म्हणतं, जागा करा.

भाचीला असाच एक घेऊन दिला होता. दहा महिन्यांत सी ड्राइव्हची पट्टी लाल. पोरीकडे स्वतःचे म्हणून चार पीडीएफ आणि सहलीचे फोटो! वर दुकानदाराने एस मोडबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्या मोडमध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरबाहेरचं काही इन्स्टॉलच होईना. तो मोड फुकटात काढता येतो (एकदा काढला की परत लावता येत नाही, पण परत हवाय कुणाला), हे मला आठवडाभराने कळलं.

त्याच पैशात, फार तर दोन-तीन हजार वर टाकून, रिफर्बिश्ड (म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला जुना) थिंकपॅड टी480 लॅपटॉप बघा. आठव्या पिढीचा आय5, म्हणजे विंडोज 11 अधिकृतपणे चालतं. रॅमचे दोन स्लॉट. मागची बॅटरी खटका सरकवून हातात येते. कीबोर्डवर तर नुसतं टाइप करत बसावंसं वाटतं. भरतो दीड किलोच्या थोडा वर.

दीडशहाणा
विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाका, त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती. प्रश्न मिटला.

कर्जत_लोकल
@दीडशहाणा, तुमचीच वाट बघत होते. प्रकाशकाकडून फाइल वर्डच्या ट्रॅक चेंजेससकट (कुणी काय बदललं त्या खुणांसकट) येते आणि तशीच परत जावी लागते. एकदा दुसऱ्या प्रोग्रॅममधून पाठवली तर समासातल्या शेऱ्यांची जागाच बदलली. लेखक दोन दिवस बोलत नव्हते.

@जुना_चार्जर, मशीन म्हणून टी480 उजवा, मान्य. पण सेकंड हँडमध्ये बॅटरी कशी निघेल हे नशीब, आणि 14 इंची झाकण उघडलं की समोरचीच्या जेवणाच्या डब्याला लागतं. माझ्यात पंखाच नाही. 6 वॉटचा प्रोसेसर, आवाज शून्य, मांडीही भाजत नाही. स्क्रीन मात्र भिकार आहे. जरा तिरकं बघितलं की काळपट. शेजारणीला माझी फाइल वाचता येत नाही, एवढाच काय तो फायदा.

अंबाडीची_भाजी
दोघेही विंडोज धरून बसलात. बाबांना गेल्या वर्षी क्रोमबुक दिलं, म्हणजे विंडोजऐवजी गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. मेल, यूट्यूब, ई-पेपर, बँक. 4 जीबीतही कुरकुर नाही. अपडेट 10 वर्षं, पण ती खरेदीच्या तारखेपासून मोजत नाहीत, त्याच्या आतला मूळ हार्डवेअर प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात. सेलमध्ये जुनं मॉडेल स्वस्त दिसतं ते यामुळेही असू शकतं, तेव्हा घेण्याआधी शेवटची तारीख बघा. हलकेपणच हवं तर 2023 चं जिओबुक 990 ग्रॅमचं होतं, किंमत 16,499. पण त्यात विंडोज नाही, जिओची स्वतःची जिओओएस. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये.

जुना_चार्जर
बाबांसाठी क्रोमबुक एकदम बरोबर. माझा राग हलक्या लॅपटॉपवर नाहीच, 4/64 मध्ये विंडोज कोंबून ‘विद्यार्थ्यांसाठी उत्तम’ म्हणून विकण्यावर आहे. विद्यार्थी चार वर्षं वापरणार. ताईंचं काम ठरलेलं, त्यांना शब्दकोशाचा एक टॅब पुरतो. पोरांचं तसं नसतं. झूम, त्यावर पंधरा टॅब, वर ग्रुपचं प्रेझेंटेशन. ताई, एक खरं सांगा: सी ड्राइव्हवर आत्ता किती जागा आहे?

कर्जत_लोकल
5.8 जीबी.

आणि हो, अपडेट तीनदा अडकलं. जुनं काम मेमरी कार्डावर हलवलं, डाउनलोड्स रिकामं केलं, मग चौथ्यांदा झालं. एक अख्खा रविवार गेला. विद्यार्थ्यांबद्दल तुमचं ऐकते, भाच्याला हा सुचवणार नाही. मी मात्र बदलत नाही.

डोंबिवली आली. आता कोपर हलवायला जागा नाही, बाकीचं परतीच्या गाडीत.