‘ट्वायलाइट’ मालिका: ओढ खरी, पण ते प्रेम निकोप आहे का?

सांजवेळ

स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतील पहिली कादंबरी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००८ मधील ‘ब्रेकिंग डॉन’ने चार पुस्तकांची मूळ कथा पूर्ण झाली. त्याच वर्षापासून २०१२ पर्यंत तिच्यावर पाच चित्रपट निघाले आणि पुस्तकांच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. इतक्या लोकांनी वाचलेल्या या मालिकेविषयी बोलताना बहुतेकजण एक तर तिची कड घेतात किंवा तिला सरसकट निकालात काढतात. मला यांपैकी काहीही जमत नाही. ही पुस्तके मला आजही खिळवून ठेवतात, आणि त्यांतील नाते प्रेमाचा आदर्श म्हणून पुढे केले जाते तेव्हा मी तितकीच अस्वस्थ होते.

माझे म्हणणे असे की, या मालिकेचे बळ आणि तिचा दोष यांचा उगम एकच आहे, आणि तो म्हणजे बेलाचे प्रथमपुरुषी निवेदन. वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिक द्वीपकल्पावरच्या फोर्क्स या पावसाळी गावात सतरा वर्षांची बेला वडिलांकडे राहायला येते. जीवशास्त्राच्या वर्गात शेजारी बसलेला एडवर्ड तिच्याकडे अशा काही तिरस्काराने पाहतो की, तिला त्याच्याखेरीज दुसरे काही सुचेनासे होते. एडवर्ड व्हॅम्पायर आहे आणि तो तिरस्कार नसून तिच्या रक्ताची अनावर तहान होती, हे पुढे कळते. पण त्या वयात कोणाच्या एका नजरेने सगळा दिवस व्यापला जातो, हा अनुभव मायर यांनी ज्या निष्ठेने लिहिला आहे, तसा तो फार थोड्यांनी लिहिला असेल. ‘न्यू मून’मध्ये एडवर्ड निघून गेल्यावर ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांची नावे तेवढी एकेका पानावर येतात आणि बाकी पान कोरे राहते. संपूर्ण मालिकेतील सर्वांत समर्थ लेखन मला ते वाटते.

परंतु याच निवेदनामुळे वाचकाला बेलाच्या डोळ्यांबाहेर पाहताच येत नाही. ती झोपलेली असताना एडवर्ड तिच्या नकळत तिच्या खोलीत येऊन बसतो. ‘एक्लिप्स’मध्ये तिने जेकब या आपल्या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या ट्रकच्या इंजिनातील भाग काढून ठेवतो, आणि पुढे महागडी गाडी भेट देऊन आपल्या मानलेल्या बहिणीला, म्हणजे अ‍ॅलिसला तिच्यावर पहारा ठेवायला लावतो. बेला चिडते, नाही असे नाही. पण तिचा राग मावळतो तेव्हा पुस्तकाचाही राग मावळतो, कारण हे गैर आहे असे ठामपणे म्हणणारा दुसरा आवाज कथेत नाही. ज्या निष्ठेने ती ओढ लिहिली गेली, त्याच निष्ठेने तिचे आंधळेपणही लिहिले गेले आहे, आणि ते आंधळेपण आहे हे मात्र पुस्तक कोठेही सांगत नाही.

वाचस्पती

सांजवेळ, तुमच्या मांडणीचा पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध मान्य नाही. कादंबरीने पात्राच्या चुकीशेजारी उभे राहून ती चूक असल्याचे सांगितले पाहिजे, ही अपेक्षा तुम्ही इतर किती कादंबऱ्यांकडून करता? व्हॅम्पायरची कथा एकोणिसाव्या शतकापासून याच पायावर उभी आहे: जो आकर्षित करतो तोच जीव घेऊ शकतो. त्यातील धोका काढून घेतला तर फोर्क्समधील दोन मुलांची सामान्य मैत्री तेवढी उरेल.

शिवाय एडवर्ड बेलाला पहिल्या पुस्तकापासून बजावत असतो की, आपण तिच्यासाठी घातक आहोत. आणि तुम्ही ‘एक्लिप्स’मधील ट्रकचा प्रसंग सांगितलात, पण त्याच पुस्तकात पुढे तो तिच्या निर्णयावर विश्वास ठेवायला शिकतो आणि तिला स्वतः गाडीतून जेकबच्या लोकांच्या हद्दीपर्यंत नेऊन जेकबकडे जाऊ देतो, हे सांगितले नाहीत. पात्र बदलते आहे. त्या बदलाची दखल न घेता केवळ त्याच्या आधीचे वर्तन पुराव्यादाखल मांडणे न्याय्य नाही.

पानोपानी

वाचस्पती, धोका असण्याला कोणाचीच हरकत नाही. हरकत त्या धोक्याला मिळणाऱ्या बक्षिसाला आहे. जुन्या भयकथांमध्ये व्हॅम्पायरच्या आकर्षणाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. येथे बेलाला अमरत्व, सौंदर्य, बळ, पती, कन्या आणि कुटुंब असे सारे मिळते, आणि वडिलांशी असलेले नातेसुद्धा तुटत नाही. पूर्ण मालिकाभर ज्या त्यागाची भीती घातली, तो त्याग शेवटी करावाच लागत नाही. व्हॅम्पायरांवर सत्ता गाजवणाऱ्या व्होल्तुरींशी ज्या युद्धाची तयारी ‘ब्रेकिंग डॉन’ शेकडो पाने करते, ते युद्धही होत नाही.

मला सर्वांत जास्त सलते ते मात्र ‘न्यू मून’. संकटात सापडले की आपल्याला एडवर्डचा आवाज ऐकू येतो, हे लक्षात आल्यावर बेला मुद्दाम मोटारसायकली मिळवते आणि अखेरीस कड्यावरून समुद्रात उडी घेते. विरहात माणसे स्वतःला इजा करून घेतात, हे खरे आहे, आणि ते जरूर लिहावे. पण येथे ती उडीच त्याला परत आणण्याचे निमित्त ठरते. अ‍ॅलिसला तिचा मृत्यू दिसल्यासारखे वाटते, चुकीची बातमी एडवर्डपर्यंत पोहोचते, तो व्होल्तुरींच्या व्होल्तेरा या इटलीतील शहरात मरण मागायला जातो आणि बेला त्याला वाचवते. स्वतःचा जीव धोक्यात घातल्याने प्रिय व्यक्ती परत मिळाली, असे कथानकाचे साधे गणित आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला हे गणित कोणी समजावून सांगावे लागत नाही. ते आपोआप मनात उतरते.

आणि जेकबला पर्याय मानणाऱ्यांनी ‘एक्लिप्स’मधील चुंबनाचा प्रसंग पुन्हा वाचावा. ते बळजबरीचे आहे. बेला त्याला ठोसा मारते आणि स्वतःचाच हात मोडून घेते. तिचे वडील, जे गावाचे पोलीस प्रमुख आहेत, मुलाचेच कौतुक करतात. दोन नायकांपैकी कोण बरा, या वादात वाचकांनी इतकी वर्षे घालवली, याचे मला वाईट वाटते.

उत्तररात्र

मी या मालिकेच्या बाजूने बोलणार आहे, आणि तेही लाजत-संकोचत नाही.

येथे आतापर्यंत झालेल्या चर्चेत बेला ही जिच्यावर काहीतरी घडते अशी मुलगी म्हणून आली आहे. पुस्तके मात्र वेगळे सांगतात. पहिल्या भागापासून हवे-नको ठरवणारी तीच आहे. व्हॅम्पायर व्हायचे आहे, हे ती म्हणते. एडवर्ड नकार देतो. शरीरसंबंधाची इच्छा ती बोलून दाखवते, तो थांबवतो. लग्नाची अट त्याची आहे आणि तिला लग्नाचाच संकोच वाटतो. मुलीची वासना लज्जास्पद न मानता, तिला शिक्षा न देता, शेकडो पाने तिच्याच तोंडून सांगितली जाणे हे किशोरवयीन वाचकांसाठीच्या लोकप्रिय कादंबरीत किती दुर्मीळ होते, याचा विचार व्हायला हवा. ‘ब्रेकिंग डॉन’मधील गरोदरपणाबद्दल तर एडवर्ड, त्याचे मानलेले वडील कार्लाइल आणि जेकब हे सगळे ते थांबवावे या बाजूला आहेत, आणि बेला एडवर्डची मानलेली बहीण रोझली हिला सोबत घेऊन आपला निर्णय पुढे नेते. तो निर्णय तुम्हाला पटो वा न पटो, तो तिचा आहे.

दुसरे असे की, या पुस्तकांवर झालेल्या टीकेचा मोठा भाग पुस्तकांवर नव्हताच. तो ती वाचणाऱ्या मुलींवर होता. रांगा लावणाऱ्या, रडणाऱ्या, किंचाळणाऱ्या मुलींची जेवढी चेष्टा झाली, तेवढी सामन्यानंतर रस्त्यावर नाचणाऱ्या पुरुषांची कधी होत नाही. पहिला चित्रपट कॅथरीन हार्डविक या दिग्दर्शिकेने केला, त्याने अफाट यश मिळवले, आणि पुढील चारही चित्रपट पुरुषांनी दिग्दर्शित केले. याचाही उल्लेख कोणी करत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत ही मालिका होती. एका बाजूने ती मुलींना बिघडवते म्हणून हटवण्याची मागणी, आणि दुसऱ्या बाजूने ती मुलींना दुबळे करते म्हणून तुच्छता. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट मान्य दिसते: वाचणाऱ्या मुलीला स्वतःचे डोके नाही.

पानोपानी

उत्तररात्र, वाचकांच्या हेटाळणीबद्दल तुम्ही लिहिलेला शब्द न् शब्द मला मान्य आहे. परंतु त्या हेटाळणीचा निषेध केल्याने पुस्तक निर्दोष ठरत नाही. इच्छा बेलाची आहे, हे खरे. त्या इच्छेने तिला कोठे नेले, तेही पाहा. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी तिच्या अंगावर वळ उठलेले असतात. एडवर्डला अपराधी वाटू नये म्हणून तिची धडपड चाललेली असते, आणि आपण किती सुखात आहोत हे ती त्याला परोपरीने पटवून देते. इजा जिला झाली तिनेच सांत्वन करायचे, हा क्रम ज्यांनी प्रत्यक्ष आयुष्यात पाहिला आहे, त्यांना तो प्रसंग प्रणयरम्य वाटणे कठीण आहे.

नदीकाठ

या सगळ्या चर्चेत एक बाजू अजून आलेलीच नाही, म्हणून लिहितो. जेकब आणि त्याचे सवंगडी ज्या क्विल्यूट या अमेरिकेतील मूळनिवासी जमातीचे दाखवले आहेत, ती जमात कल्पित नाही. ऑलिम्पिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर ला पुश येथे तिचे लोक आजही राहतात. लांडग्यांपासून आपण माणसे झालो, अशी त्यांची स्वतःची उत्पत्तिकथा आहे. मायर यांनी ती घेऊन तिच्यावर रागाच्या भरात लांडगे होणारे तरुण, व्हॅम्पायरांशी पिढीजात वैर आणि एखाद्या व्यक्तीशी आपोआप जडणारे आजन्म बंधन, असा सगळा मनोरा रचला. तो मनोरा त्या लोकांचा नाही, पण जगभरच्या वाचकांना क्विल्यूट म्हटले की तोच आठवतो.

पुस्तकांतील विरोध पाहा. एडवर्डचे कलन कुटुंब गोरे, श्रीमंत, सुशिक्षित, संयमी. तर जेकबचे लोक गरीब, उघडेबंब, तापट. लांडग्यांच्या टोळीच्या म्होरक्याचा, सॅमचा, एकदा तोल जातो आणि त्याची प्रेयसी एमिली हिच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण उमटतात. ती मात्र त्याच्यासोबत हसतमुखाने संसार करताना दाखवली आहे. पानोपानींनी लग्नानंतरच्या ज्या वळांचा उल्लेख केला, त्यांच्याबद्दल एडवर्डला निदान अनेक पाने पश्चात्ताप होतो. एमिलीच्या चेहऱ्याला मात्र कथेत एक करुण तपशील एवढेच स्थान आहे. आणि जेकब शेवटी बेलाच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीशी त्या आजन्म बंधनाने बांधला जातो. आपल्या लाडक्या पात्राला कथेत ठेवण्यासाठी लेखिकेने शोधलेली ही सोय आहे, आणि तिची किंमत एका खऱ्या समाजाच्या नावावर मांडली गेली आहे.

फोर्क्समध्ये पर्यटक आले, जमातीच्या नावाने वस्तू विकल्या गेल्या, आणि तिकडे ला पुश येथील त्यांची वस्ती त्सुनामीच्या टापूत होती. शाळा आणि घरे उंचावर हलवण्यासाठी लागणारी जमीन देणारा कायदा २०१२ मध्ये झाला, म्हणजे शेवटचा चित्रपट आला त्याच वर्षी. एडवर्ड की जेकब, या प्रश्नावर जगाने जेवढा उत्साह खर्च केला, त्याचा एक अंशही त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याला आला नाही.

वाचस्पती

नदीकाठ, या मुद्द्यावर मी मालिकेचा बचाव करणार नाही. जिवंत समाजाचे नाव घेऊन त्याच्या श्रद्धांना हवे तसे वळण देण्याचा अधिकार कल्पनेच्या स्वातंत्र्यात बसत नाही, असे माझे मत आहे.

एडवर्डबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, आणि त्यासाठी २०२० मध्ये आलेल्या ‘मिडनाइट सन’कडे पाहावे अशी विनंती करतो. तीच कथा तेथे एडवर्ड सांगतो. जीवशास्त्राच्या पहिल्या तासाला तो वर्गातील सगळ्यांना मारून बेलाचे रक्त पिण्याचा बेत मनात आखतो, आणि आपण राक्षस आहोत हे त्याला पानोपान टोचत राहते. सांजवेळ, तुम्हाला जो दुसरा आवाज हवा होता, तो हाच नव्हे का?

सांजवेळ

वाचस्पती, तो आवाज मला मोलाचा वाटतो, पण तो माझी शंका दूर करत नाही. ‘मिडनाइट सन’मधील एडवर्डला आपल्या वागण्याची लाज वाटते आणि तरीही तो खिडकीतून येतच राहतो. आपण चुकतो आहोत हे ठाऊक असणे आणि न चुकणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर बेलाला कळत नाही. तिला त्याची यातना दिसते आणि त्या यातनेलाच ती प्रेमाची खूण मानते. मूळ पुस्तकांपेक्षा या पुस्तकात मला तिची अधिक काळजी वाटली.

मायर यांनी आक्षेपांना दिलेले अधिक थेट उत्तर २०१५ च्या ‘लाइफ अँड डेथ’मध्ये आहे. बेला अबला आहे ती मुलगी असल्यामुळे नव्हे, तर अतिमानवी जगात सापडलेला कोणीही माणूस असाच असहाय झाला असता, हे दाखवण्यासाठी त्यांनी जवळजवळ सर्व पात्रांचे लिंग बदलून पहिली कादंबरी पुन्हा लिहिली. माणूस झाला बो हा मुलगा, आणि व्हॅम्पायर झाली एडिथ. प्रयोग प्रामाणिक आहे. परंतु शेवट बदलला आहे: बेलाला व्हॅम्पायर होण्यासाठी चार पुस्तके वाट पाहावी लागते, लग्नाची अट मान्य करावी लागते, बाळंतपणात मरणाच्या दारात जावे लागते, बो मात्र पहिल्याच पुस्तकाच्या अखेरीस व्हॅम्पायर होतो.

उत्तररात्र

त्याचे कारण इतकेच असू शकते की, ते एकच पुस्तक होते आणि पुढचे भाग लिहायचे नव्हते, म्हणून कथा तेथेच पूर्ण करावी लागली. शिवाय बो निवड करतो ती मरणासन्न अवस्थेत, त्याला विचार करायला उसंतच नसते. बेला वर्षभराहून अधिक काळ त्या इच्छेवर ठाम राहते, सगळ्यांशी वाद घालते, मत घेण्यासाठी कलन कुटुंबाला एकत्र बसवते. माझ्या मते तिला वाट पाहावी लागली म्हणूनच तिची निवड अधिक विचारपूर्वक झालेली आहे.

सांजवेळ

निवड विचारपूर्वक आहे, हे मी मान्य करते. त्या मतदानात एडवर्ड विरोधात मत देतो आणि हरतो, हा प्रसंग मलाही फार आवडतो. पण मत मागताना ती जे मागते आहे, ते त्याच्यासारखे होणे आहे. त्याच्याशिवाय स्वतःचे काय करायचे, हा प्रश्न त्या कोऱ्या चार महिन्यांत तिच्यासमोर उभा होता, आणि चारही पुस्तकांत ती त्याकडे पुन्हा वळत नाही.