मेल्यानंतरच्या जगाचा नकाशा डीएमने काढूच नये, माझं स्पष्ट मत

घाटावरचा_डीएम

मी डीएम, म्हणजे डीअँडडीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळ चालवणारा. गेले तीन महिने नवीन कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या लांब गोष्टीसाठी, परलोक लिहीत होतो. सात थर, दोन नद्या, नावाडी, हिशोब ठेवणारा कारकून, कुठल्या देवाचा भक्त कुठे जाणार त्याचा तक्ता, 22 पानं झाली. परवा रात्री सगळं सलग वाचलं आणि बाजूला ठेवून दिलं, कारण वाचताना मला एकदाही भीती वाटली नाही की कुणाची आठवण आली नाही.

हे पहिल्यापासून असंच चालत आलंय. 1977 मध्ये या खेळाच्या कर्त्यांपैकी एक गॅरी गायगॅक्स याने प्लेन्सची, म्हणजे परलोकासकट सगळ्या लोकांची, मांडणी छापली, तेव्हापासून अलाइनमेंटप्रमाणे, म्हणजे कॅरेक्टरच्या नैतिक वृत्तीप्रमाणे, खाने पाडलेत, लॉफुल गुड (नियमाने चालणारा सज्जन) वर गेला, केऑटिक ईव्हिल (बेबंद दुष्ट) खाली गेला. खेळायला सोयीचं आहे, मान्य. पण माझ्या टेबलावरचा कोणीही त्यामुळे कॅरेक्टर मेल्यावर गप्प बसलेला मी बघितला नाही.

आता मेलेल्याला उठवणारा मंत्र, रेझ डेड स्पेल, नीट वाचा. मरून 10 दिवसांच्या वर झालेले नकोत, 500 सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, मंत्र म्हणायला एक तास, आणि त्या आत्म्याची परत यायची इच्छा पाहिजे. दहा दिवस! लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आपला दहावा नसणार, पण मला वाचताना तोच दिसतो. पिंड ठेवलाय, कावळे झाडावर बसलेत, खाली उतरत नाहीत, गुरुजी थांबलेत, मग घरातला कोणीतरी पुढे होऊन हात जोडतो, म्हणतो धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू, तुम्ही काळजी करू नका, आणि सगळे परत वर बघायला लागतात. नाहीच शिवला तर शेवटी दर्भाचा कावळा करतात. तिथे उभा असलेला एकही माणूस विचारत नाही की गेलेला आता कुठल्या थरात पोचला. त्याचं काय राहिलंय, एवढंच सगळे शोधत असतात.

तर मी आता फक्त मरणाच्या अलीकडचं लिहिणार. कुठल्या गावात मेलेल्याचं काय करतात, किती दिवस चूल पेटत नाही, नाव घ्यायचं की नाही, कुणाचा पिंड अजून तसाच पडलाय. पलीकडचं मीसुद्धा ठरवणार नाही. कोणाचं वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

नॅचरल_वीस

कल्पना सुंदर आहे पण तिसऱ्या सेशनला कोसळेल. तुमचा क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा पुजारी) पाचव्या लेव्हलला गेला की त्याला स्पीक विथ डेड मिळतो, प्रेताला पाच प्रश्न. पहिलाच प्रश्न येणार, तिकडे काय आहे? डीएम म्हणून तुम्ही काय सांगणार, मी ठरवलेलं नाही म्हणून?

घाटावरचा_डीएम

तो स्पेल खरंतर माझ्या बाजूने आहे. त्यात आत्मा परत येतच नाही, प्रेताला जिवंतपणी जेवढं माहीत होतं तेवढंच माहीत असतं, मेल्यानंतरचं काहीच नाही. शिवाय खरं बोलायची सक्ती पण नाही.

नॅचरल_वीस

बरं, तो मुद्दा तुमचा. पण रेझ डेडने उठलेला माणूस? तो तर जाऊन आलाय. टेबलावर चार जण त्याच्याकडे बघत बसणार, काय बघितलंस सांग. दर वेळी "काही आठवत नाही" म्हटलं की प्लेअर्सना कळतं की पडद्यामागे काहीच नाहीये. आणि दुसरा प्रश्न हिऱ्यांचा. 500 नाणी राजाला काहीच नाहीत, मग तुमच्या जगात राजे मरतात कशाला? सावकार, सरदार सगळे परत येणार आणि गरीब तेवढे कायमचे जाणार. हे ठरवायचं नाही म्हटलं तरी ते आपोआप ठरतं, फक्त तुमच्या नकळत.

पानशेतचा_पॅलाडिन

हिऱ्यांवरून एक सांगतो. आमच्या गेममध्ये रोग (Rogue, चोरटं, चपळ कॅरेक्टर) मेला, बाकीच्यांनी गाव पालथं घालून नवव्या दिवशी हिरा मिळवला. तासभर मंत्र चालू, आणि डीएमने त्या प्लेअरला गॅलरीत नेऊन विचारलं, येतोस का? त्या कॅरेक्टरची आई लहानपणीच गेलेली, तो पहिल्या सेशनपासून तिचं कडं गळ्यात घालून फिरायचा. त्याने विचारलं, आई आहे का तिकडे? डीएम म्हणाला, मला माहीत नाही. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, नाही येत. आत येऊन त्याने ते कडं, म्हणजे खरंच एक पितळी कडं आणलं होतं त्याने, ते टेबलावर ठेवलं. त्या दिवशी पुढे कोणी खेळू शकलं नाही. आईचा पत्ता प्लेन नंबर अमुक असा दिला असता तर हे झालं असतं? मला नाही वाटत. आणि राजे का मरतात याचं उत्तर पण हेच आहे, हिरा विकत घेता येतो, इच्छा नाही येत.

नॅचरल_वीस

मी तो प्लेअर असतो तर चिडलो असतो. महिनोन्महिने वाढवलेलं कॅरेक्टर, आणि निर्णय आंधळेपणी घ्यायला लावला. डीएमला माहीत असून त्याने सांगितलं नसतं तर ते गूढ झालं असतं. त्यालाच माहीत नव्हतं म्हणजे त्या मुलाने ज्यासाठी कॅरेक्टर सोडलं ते जगात होतं की नाही हेही कधी ठरणार नाही. मला हे त्या मुलावर अन्याय केल्यासारखं वाटतं, आणि मी हे मनापासून म्हणतोय.

बिनदेवाचा_बार्ड

मी नॅचरल_वीसच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. डीअँडडीच्या फर्गॉटन रिल्म्स नावाच्या जगात वॉल ऑफ द फेथलेस होती, कुठल्याच देवाला न मानणारे आत्मे जिवंत चिणल्यासारखे भिंतीत बसवायचे आणि हळूहळू ते विरघळून जायचे. 2020 च्या शुद्धिपत्रात स्वॉर्ड कोस्टच्या पुस्तकातून तो उल्लेख काढून टाकला. भिंत क्रूर होती यात वाद नाही. पण मी स्वतः नास्तिक आहे, आणि त्या भिंतीबद्दल वाचल्यावर जितका संताप आला तितका दुसऱ्या कुठल्याही व्हिलनचा आला नाही. आमची अख्खी कॅम्पेन ती भिंत पाडण्यावर चालली, दीड वर्ष. धूसर, न ठरवलेल्या परलोकाविरुद्ध बंड कसं करणार हो? स्वर्गारोहण पर्वातला धर्मराज बघा. दुर्योधन स्वर्गात आसनावर बसलेला त्याला दिसला, भाऊ नरकात आहेत हे त्याने कानांनी ऐकलं, म्हणून तो म्हणू शकला की मी इथेच यांच्याजवळ राहतो. कोण कुठे बसलंय हेच माहीत नसतं तर त्याने नाकारलं काय असतं?

घाटावरचा_डीएम

हा मुद्दा कालपासून डोक्यातून जात नाहीये. अन्यायी परलोक दाखवायचा तर तो पक्का पाहिजे, बरोबर. तुमच्या कॅम्पेनला भिंत हवीच होती. पण ती भिंत तरी तुम्हाला का टोचली? कारण तिच्यात कोणीतरी होतं. माझ्या 22 पानांत कोणीच नव्हतं, नुसते थर होते. मी अजूनही म्हणेन की सुरुवात थरांपासून करू नये. आधी कोण गेलंय ते लिहावं. त्याच्यासाठी मग भिंत लागली तर बांधावी.

राजांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, ते नॅचरल_वीसचं बरोबर आहे. त्यावर बसावं लागेल.

सर्वपित्री

दोन्ही बाजू वाचल्या. मला एकच सांगायचंय. माझे बाबा फेब्रुवारीत गेले. एप्रिलमध्ये आमच्या ग्रुपच्या डीएमने मोठ्या मेहनतीने मृतांच्या नगरीचं सेशन आणलं, त्यात मेलेली माणसं हळूहळू आपलं नाव विसरत जातात. कल्पना चांगली होती. मी वीस मिनिटांत उठून घरी आले. त्याची चूक नव्हती, त्याला माहीत होतं बाबा गेलेत पण हे मला लागेल असं वाटलं नसेल त्याला. परलोक ठरवायचा की नाही यावर तुम्ही खुशाल वाद घाला, पण सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीला, कोळ्यांची भीती कुणाला, रक्त चालेल का हे सगळं विचारता ना, तर "अलीकडे घरातलं कोणी गेलंय का" हेही विचारा. आणि घाटावरचा_डीएम, तुमचं ते कावळ्याचं सेशन तर नक्कीच न विचारता आणू नका. आमच्या वेळी अडीच तास शिवला नव्हता.

घाटावरचा_डीएम

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रविवारी सेशन झिरो आहे, पाच जण आहेत, प्रत्येकाला आधी वेगळा फोन करतो, सगळ्यांसमोर नाही विचारत. एकाने जरी नको म्हटलं तरी दहावा काढून टाकतो.

नॅचरल_वीस

फोन केल्यावर कळवा काय झालं ते. आणि ती 22 पानं फेकू नका, मला पाठवा, मी वापरतो.