शब्दचर्चा : इस्लामभय, भयगंड की मुस्लिमद्वेष?

प्रश्न : ब्रिटनमधल्या सरकारी समता-धोरणांवर लेख लिहितोय. 'इस्लामोफोबिया'ला मराठीत काय म्हणावं? 'इस्लामभय' मिळमिळीत वाटतो.

पहिलं उत्तर : भय नको आणि भयगंडही नको. भयगंड उंचीचा असतो, बंद खोलीचा असतो; तो असलेल्यावर उपचार करतात, त्याला कुणी कारणे दाखवा नोटीस देत नाही. 'मुस्लिमद्वेष' घ्या. 'इस्लाम' म्हटलं की धर्ममत आलं, 'मुस्लिम' म्हटलं की माणसं आली, आणि तिकडचं सगळं भांडण याच भेदावर आहे. २०१८ साली संसदेतल्या सर्वपक्षीय गटानं 'इस्लामोफोबिया'ची व्याख्या केली : याचं मूळ वंशवादात आहे आणि मुस्लिमपणाच्या, किंवा तशा वाटणाऱ्या, खुणांना लक्ष्य करणारा हा वंशवादाचाच प्रकार आहे. मजूर पक्षानं ती स्वीकारली. तेव्हाच्या हुजूर पक्षाच्या सरकारनं मे २०१९ मध्ये नाकारली. २०१० च्या समता कायद्यातल्या 'वंशा'शी ती जुळत नाही, हे एक कारण.

प्रश्नकर्ता : पण धर्माच्या बाबतीत 'वंश' आणलाच कशाला?

दुसरं उत्तर : जुनं दुखणं आहे ते. १९७६ च्या वंशसंबंध कायद्यात धर्म नव्हताच. बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेनं पगडी घालणाऱ्या शीख मुलाला प्रवेश नाकारला, तेव्हा लॉर्ड्सच्या सभागृहानं (त्या काळी तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) १९८३ मध्ये शीख हा वांशिक गट ठरवला आणि त्या मुलाला संरक्षण मिळालं. ज्यूंनाही ते होतं. अनेक देशांतून आलेले मुसलमान त्या चौकटीत बसेनात. इंग्लंडात नोकरीतल्या धार्मिक भेदभावाला बंदी आली ती थेट २००३ मध्ये. तोवर दाद मागायची तर वंशाच्याच दारातून. आणि 'तशा वाटणाऱ्या' हे शब्द उगाच नाहीत. अमेरिकेत ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांत ॲरिझोनातल्या एका पगडीवाल्या शीख पेट्रोलपंप मालकाला गोळ्या घातल्या गेल्या. मारणाऱ्याला शीख कोण, मुसलमान कोण, याचा पत्ता नव्हता.

प्रश्नकर्ता : मग 'धार्मिक पूर्वग्रह' कुठं वापरू?

पहिलं उत्तर : मनात आहे तोवर पूर्वग्रह. त्यापायी मुलाखतीचं पत्रच गेलं नाही, की भेदभाव. धोरणात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. सरकारी मसुद्यांत सर्रास टाकतात, आणि मग कारवाई नेमकी कशावर, हे कुणालाच कळत नाही. 'आकस' छान शब्द आहे, पण तो साहेबाचा कारकुनावर.

धर्मावर टीका करायला तिथं मोकळीक आहे. धार्मिक द्वेष भडकवण्याविरुद्धच्या २००६ च्या कायद्यातच धर्माची टिंगलसुद्धा वगळलेली आहे. म्हणून 'इस्लामद्वेष'ही टाळा. 'ज्यूद्वेष' मराठीत रुळलेला आहेच, त्याच घडणीचा 'मुस्लिमद्वेष', 'हिंदुद्वेष'. फक्त २०१८ ची व्याख्या उद्धृत करताना 'इस्लामोफोबिया' तसाच ठेवा. तिथं त्या शब्दावरच वाद आहे.