नारकोंडमच्या धनेशावर (हॉर्नबिल) डिझर्टेशन जमेल का?

रानवाटा सावंतवाडी:
नमस्कार मंडळी, एमएस्सी झूलॉजीचं शेवटचं वर्ष चालू आहे. आमच्याकडे गरुड धनेश लहानपणापासून बघतोय, आता डोक्यात नारकोंडम बसलंय, म्हणजे उत्तर अंदमानच्या पूर्वेला समुद्रात एकटंच असलेलं ते ज्वालामुखीचं बेट, जेमतेम ७ चौरस किमी, आणि तिथला धनेश जगात दुसरीकडे कुठेच नाही. तिथे पक्षीगणना करता येईल का? परवानगी, पद्धत, काहीही सांगा प्लीज

मैनाताई:
अख्खं बेट अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही, गाव नाही फक्त पोलीस चौकी, नियमित बोटही नाही. एका सेमिस्टरमध्ये हे बसणार नाही रे, हौसेने तर कोणी जाऊच नये तिथे. पूर्वी बेटावर बकऱ्या सोडल्या होत्या, त्या रोपं खायच्या, म्हणजे उद्याची झाडंच संपवायच्या, शेवटी हलवाव्या लागल्या. एवढ्याशा जागेत माणसाची छोटी चूकही मोठी होते.

उंबरफळ:
ताईंशी सहमत. आणि नुसती गणना कशाला? नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी ती केलीय, साधारण हजार पक्षी, एवढी दाटी जगात कुठल्याच धनेशाची नोंदलेली नाही. खरा प्रश्न आहे की एवढ्याशा बेटावर इतके पोसले कसे जातात, आणि त्याचं उत्तर वड-उंबराच्या जातींच्या झाडांत आहे, ती तिथे भरपूर आहेत. फळं धनेश खातो, कोकीळ खाते, बिया जंगलभर पडतात. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर बाहेरून भरवतो, त्यामुळे जुनी जाड झाडं गेली तर घरटीही गेली, उडून जायला शेजारी दुसरं जंगल नाही. तुमच्या सावंतवाडीतच एक-दोन फळझाडं पकडा, सकाळभर बसा, कोण येतं किती फळं खातं लिहा. हीच पद्धत पुढे बेटावर लागेल.

रानवाटा सावंतवाडी:
हे भारी आहे, पण अंदमानचे पक्षी बघायचेच आहेत हो

मैनाताई:
मग पोर्ट ब्लेअरजवळ (आता श्री विजयपुरम) चिडिया टापूला जा, अंदमान सुतार, अंदमान सर्पगरुड तिथे दिसतात. त्याआधी मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) हॉर्नबिल हाऊसला चक्कर मार, पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी संस्थेच्या जर्नलमध्ये अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांवर खूप लिहिलंय. गाईड कोण आहेत तुझे? त्यांना उंबराची कल्पना पटली तर मला मेसेज कर, डेटाशीट कशी करायची ते दाखवते.