'युनियनिस्ट' म्हणजे नेमका कोण?

प्रश्न

बेलफास्टच्या एका गोदी कामगाराच्या मुलीने लिहिलेला आठवणवजा लेख मराठीत आणते आहे. वडील 'कट्टर युनियनिस्ट' होते असं तिने सुरुवातीलाच लिहिलंय. मी बिनदिक्कत 'कामगार संघटनेचे कट्टर कार्यकर्ते' असं करून पुढे गेले. दोन पानांनंतर हेच गृहस्थ युनियनच्या वर्गणीचं कार्ड फाडून शेगडीत टाकतात! वाटलं, मधल्या काळात मन बदललं असेल, पण तसा उल्लेख कुठेच नाही. युनियनिझमसाठी मला संघवाद, संघटनावाद, ऐक्यवाद असे पर्याय सापडले. यातला कुठला घेऊ?

पहिलं उत्तर

ताई, तुमच्या गृहस्थांचं मन जागच्या जागी आहे. ते राजकारणातले युनियनिस्ट आहेत. तिथलं 'युनियन' म्हणजे १ जानेवारी १८०१ पासून अमलात आलेलं ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडचं एकत्र राज्य. ते टिकावं असं म्हणणारा तो युनियनिस्ट. ब्रिटनचा पंतप्रधान ग्लॅडस्टनने १८८६ मध्ये आयर्लंडसाठी होमरूलचं, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याचं, विधेयक आणलं, तेव्हा त्याच्याच लिबरल पक्षातून जोसेफ चेंबरलेन वगैरे मंडळी फुटली आणि स्वतःला लिबरल युनियनिस्ट म्हणवू लागली. पुढे १९१२ मध्ये ही मंडळी हुजूर पक्षात विलीन झाली. त्या पक्षाच्या पूर्ण नावात 'अँड युनियनिस्ट' आजही आहे, फक्त रोजच्या बोलण्यात कुणी ते घेत नाही.

१९१२ मध्येच, २८ सप्टेंबरला, आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात होमरूलविरोधी प्रतिज्ञापत्रावर दोन लाखांहून जास्त पुरुषांनी सह्या केल्या. तुमच्या लेखिकेचे आजोबा त्यांत असू शकतात. आयर्लंडच्या १९२१ च्या फाळणीनंतर हा शब्द मुख्यतः उत्तर आयर्लंडचा झाला. १९९८ च्या शांतता करारानंतर तर तिथल्या विधानसभेत निवडून आलेल्या प्रत्येकाला आपण युनियनिस्ट, नॅशनलिस्ट (म्हणजे सगळं आयर्लंड एक व्हावं म्हणणारा) की इतर, हे रीतसर नोंदवावं लागतं.

इंग्रजीत हा घोळ थोडा आवरतो, कारण राजकीय अर्थाचा युनियनिस्ट बहुधा मोठ्या अक्षराने सुरू करतात आणि कामगारांचा लहान. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे आपल्याला ही सोय नाही.

दुसरं उत्तर

काहीही घ्या, पण 'संघवाद' घेऊ नका. मराठीत संघवाद म्हणजे संघराज्यपद्धती, म्हणजे केंद्र आणि राज्यं यांच्यात सत्ता वाटून घेणं. आयर्लंडला सत्तेचा वाटा देऊ नका म्हणून ज्यांनी रान उठवलं त्यांना 'संघवादी' म्हटलं तर अर्थ जवळजवळ उलटाच होतो. शिवाय आपल्याकडे 'संघवाला' म्हटलं की वाचक थेट शाखेत जाऊन उभा राहतो, ते वेगळंच.

आपल्या राज्यघटनेतही या शब्दाची गंमत आहे. पहिल्याच अनुच्छेदात भारत हा 'राज्यांचा संघ' आहे, आणि तिथे मूळ शब्द युनियन आहे, फेडरेशन नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी याचं कारण सांगितलं होतं : हा संघ राज्यांनी आपसात करार करून बनलेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला फुटून निघायचा हक्क नाही. म्हणजे हे युनियन न मोडणारं. उलट २०२१ मध्ये तामिळनाडूतल्या द्रमुक सरकारने 'केंद्र सरकार' सोडून जाणीवपूर्वक 'ओंड्रिय अरसु', म्हणजे युनियन सरकार, म्हणायला सुरुवात केली ती राज्यांचं महत्त्व ठसवण्यासाठी. शब्द तोच, एकाने अखंडतेसाठी वापरला, दुसऱ्याने राज्यांच्या मानासाठी. मग परक्या देशातल्या अर्थासाठी आपण 'संघ' कशाला पणाला लावायचा?

तिसरं उत्तर

राजकारणावर बरंच झालं. कामगारांच्या बाजूलाही हा शब्द एकजिनसी नाही, ते कुणी बोललंच नाही.

एक म्हणजे, युनियन कुणाची बांधायची यावरूनच दोन पंथ. सुतारांची वेगळी, छपाईवाल्यांची वेगळी, ही व्यवसायनिहाय रीत. सॅम्युअल गॉम्पर्सच्या नेतृत्वाखाली १८८६ मध्ये स्थापन झालेला अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर मुख्यतः असाच होता : कसबी माणसं, आपापला हुन्नर, आपापला करार. दुसरी रीत उद्योगनिहाय. कारखान्यात फिटर असो नाहीतर झाडूवाला, युनियन एकच. १९०५ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या आयडब्ल्यूडब्ल्यूची (इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड) तर जगातल्या सगळ्या कामगारांची मिळून एकच मोठी युनियन हवी अशी घोषणा होती. लंडनमध्ये १८८९ च्या गोदी संपात कसलाही हुन्नर नसलेले हमाल ताशी सहा पेन्सच्या मागणीवर उभे राहिले आणि जिंकले. त्या लाटेला इंग्रजीत 'नवं युनियनिझम' म्हणतात. इथे 'नवा संघटनावाद' असं भाषांतर केलं तर ते एखाद्या तत्त्वज्ञानाचं नाव वाटतं. प्रत्यक्षात ती अकुशल कामगारांची संघटना बांधण्याची धडपड होती. म्हणून मी 'बांधणी' हा शब्द सुचवेन. आपण युनियन 'बांधतो'च.

दुसरं म्हणजे, डाव्यांच्या लिखाणात ट्रेड युनियनिझम ही चक्क टीका असते. फक्त पगार आणि कामाच्या तासांसाठी भांडायचं, सत्तेचा प्रश्न सोडून द्यायचा, अशा वृत्तीवर लेनिनने १९०२ मध्ये कोरडे ओढले. मराठीत त्याला 'अर्थवाद' म्हणायची रीत पडली. मालकांच्या तोंडची टीका अगदी वेगळी, तिला आपल्याकडे नेमका शब्द आहे : युनियनबाजी. 'बाजी' लागली की कुठल्याही चांगल्या कामाचं मातेरं होतं, गटबाजी पाहा, घोषणाबाजी पाहा. मालकाने स्वतःच उभी केलेली, त्याच्या मुठीतली युनियन हा आणखी एक प्रकार, तिला कामगार 'खिशातली युनियन' म्हणतात. इतका चपखल शब्द मला इंग्रजीत माहीत नाही.

दुसरं उत्तर (पुन्हा)

फ्रेंचांनी ही कटकट ठेवलीच नाही. कामगारांची ती सँदिका, तिच्यावरून सँदिकालिझम, आणि राजकारणातलं ते युनिओनिझम. आपण मात्र सिंडिकेट म्हटलं की १९६९ ची काँग्रेस आठवणार.

पहिलं उत्तर (पुन्हा)

प्रश्न बेलफास्टचा आहे म्हणून सांगतो, दोन्ही अर्थ एकमेकांवर खरोखर आदळले ते तिथेच. १९०७ मध्ये कामगार पुढारी जेम्स लार्किनने तिथल्या गोदीत संप घडवला. त्यात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कामगार खांद्याला खांदा लावून उतरले. मुख्यतः प्रोटेस्टंटांच्या, म्हणजे धर्माच्या रेषेवर उभ्या असलेल्या राजकीय युनियनिझमला हे युनियनिझम गैरसोयीचंच होतं.

आणि १९७४ मध्ये नेमकं उलटं. सनिंगडेल कराराने युनियनिस्ट आणि नॅशनलिस्ट यांचं संयुक्त सरकार आलं होतं. ते पाडायला १५ मे पासून अल्स्टर वर्कर्स कौन्सिल या युनियनिस्ट कामगारांच्या मंडळाने संप पुकारला. वीजकेंद्रांतले कामगार सामील झाल्याने वीज घटली, व्यवहार ठप्प झाले. हे सगळे कामगारच, पण संप पगारासाठी नव्हता, राजकीय युनियनसाठी होता. संप मोडून कामावर चला म्हणत २१ तारखेला मोर्चा काढला तो कुणी? ब्रिटनच्या ट्रेड युनियन काँग्रेसचा सरचिटणीस लेन मरे याने. मोर्चाला दोनेकशे माणसं आली. २८ तारखेला सरकार कोसळलं. म्हणजे युनियनवाला संपाच्या विरोधात, आणि युनियनिस्ट संपावर. तुमच्या लेखिकेच्या शेगडीतलं कार्ड या काळातलं असेल तर त्यात विसंगती काहीच नाही. तारीख बघा.

प्रश्न विचारणारी

बघितली. मे १९७४ च आहे! पण मग लिहू काय? 'ऐक्यवादी' म्हटलं तर माणूस सर्वधर्मसमभावाचा वाटतो, आणि हे गृहस्थ शेजारच्या कॅथलिकांशी बोलतसुद्धा नाहीत. 'एकीकरणवादी' करून पाहिलं.

दुसरं उत्तर (पुन्हा)

एकीकरण म्हणजे वेगळं असलेलं जोडणं. हे तर जोडलेलं सुटू नये म्हणणारे. 'संयुक्तवादी' म्हणाल तर मराठी कानाला आधी संयुक्त महाराष्ट्र ऐकू येतो. अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेत राहून उत्तरेची बाजू घेणाऱ्यांना मी 'संघनिष्ठ' केलं होतं. ते तिथे बसतं, कारण त्यांची निष्ठा संघराज्याशी होती. बेलफास्टसाठी नाही बसत, तिथली निष्ठा राजमुकुटाशी.

तिसरं उत्तर (पुन्हा)

माझं मत : युनियनिस्ट तसाच ठेवा, पहिल्या वेळी वाक्यातच उलगडा करा. कामगारांच्या बाजूला मात्र युनियनिस्ट हा शब्द चुकूनही वापरू नका. तिथे युनियनवाला, युनियनचा माणूस, कार्यकर्ता, हे आपले आहेतच. पूर्ण लेखात ही वाटणी पाळली की वाचक अडखळणार नाही.

प्रश्न विचारणारी

असं केलं : 'बाबा गोदीत वीस वर्षं युनियनचे वर्गणीदार होते, पण त्याआधी आणि त्याहून जास्त ते युनियनिस्ट होते, ब्रिटनची साथ सुटू नये म्हणून हटून बसलेले.' शेगडीचं वाक्य आता आपोआप लागतं. फक्त 'हटून बसलेले' जरा जास्त होतंय का?

पहिलं उत्तर (पुन्हा)

कार्ड जाळणाऱ्या माणसाला? मुळीच नाही. राहू द्या.