मुलीला एकटीला लोकलने दादरला पाठवावं का?

निशिगंधा७८
नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ.

लेक नववीत, चौदा पूर्ण. आम्ही डोंबिवलीत. दोरीच्या मल्लखांबासाठी ती आठवड्यातून चार दिवस शिवाजी पार्कला जाते. सकाळची शाळा, दुपारची गाडी, चार ते सहा सराव. दोन वर्षं सासरे सोबत जायचे, कट्ट्यावर बसून पेपर वाचायचे. आता त्यांच्या गुडघ्यांना दादरचा जिना झेपत नाही. मी घरूनच लोकांचे हिशेब, जीएसटीचं काम करते, पण चार दुपारी बाहेर काढणं शक्य नाही. नवरा पुण्याला, शनिवारी येतो. गेले तीन आठवडे सराव बंद आहे.

लेक म्हणते, मी एकटी जाते. मी नाही म्हटलं. भांडली नाही, गप्प झाली. आमच्याकडे भांडण परवडतं, हे गप्प बसणं परवडत नाही.

मी १९९६ ते २००९ रोज व्हीटी केलं आहे, त्यामुळे लोकल मला कळते असं वाटायचं. परवा तिला समजवायला बसले. म्हटलं, दादरला स्लो एक नंबरला येते. ती म्हणाली, "आई, तो आता आठ नंबर आहे." २०२३ च्या डिसेंबरमध्ये मध्य रेल्वेचे नंबर बदलले म्हणे. म्हटलं, बोगदा आला की ठाणं जवळ आलं समजायचं. "फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात नाही आता, मेल गाड्या जातात." हे सगळं सासऱ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं.

शेवटी म्हटलं, फोनवर लोकेशन कायम चालू ठेव, मग बघू. तर म्हणते, "आबा पेपर वाचायचे. तू बघत बसशील."

तुमच्यापैकी कोणी या वयाच्या मुलीला एवढ्या लांब पाठवता का? नेमकं काय शिकवून पाठवलंत?

बंडूनाना
डोंबिवलीत मल्लखांब शिकवणारे नाहीत का? चाळीस किलोमीटर कशाला जायचं?

निशिगंधा७८
आहेत की. तिचे सर दादरला आहेत. नाना, तुम्ही चांगला न्हावी सापडला तर बदलता का?

ठाकुर्लीची_मावशी
बावीस वर्षं ठाकुर्ली-दादर करतेय, म्हणून बोलते. जाण्याची काळजी सोडा. दुपारी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. खरा प्रश्न संध्याकाळी सव्वासहाचा. त्या वेळी दादरला फास्टमध्ये शिरणं मलाही जमत नाही, पाठीवर सॅक असलेल्या पोरीला कुठून जमणार? आणि चुकून कर्जत-कसारा गाडीत चढली तर डोंबिवलीला उतरताना दारातल्या बायका काय ऐकवतात ते तुम्हाला आठवत असेलच.

उपाय साधा आहे. पास दादरऐवजी परळपर्यंत काढा. सराव संपला की एक स्टेशन मागे परळला जायचं. २०१९ पासून तिथून लोकल सुटतात. कल्याण स्लो बघून लेडीज डब्यात बसायचं आणि अभ्यासाचं पुस्तक काढायचं. फास्टपेक्षा वेळ जास्त जाईल, पण बसून येईल. सॅक पोटावर. दारात उभं राहायचं नाही, वारा हवा असला तरी नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं लोकलमधून खाली पडली, ते तिला नीट सांगा. घाबरवायला नाही, दारातल्या माणसाची सॅक किती बाहेर येते ते तिला कळावं म्हणून.

१३९ हा रेल्वेचा मदतीचा नंबर सेव्ह नको, पाठ हवा. फोनच चोरीला गेला तर?

ऱ्हाईनकाठी
आम्ही जर्मनीत. इथे पहिलीतली पोरं चालत एकटी शाळेत जातात. आईबाप फाटकापर्यंत सोडायला येत राहिले तर शाळाच सांगते, पुरे करा. चौथीत सायकलची परीक्षा असते, पोलीस येऊन घेतात. माझ्या मुलाची सायकल आधी नापास झाली, मागचा दिवा लागत नव्हता म्हणून. आपण उगीच मुलांना जपतो असं माझं मत झालंय.

ठाकुर्लीची_मावशी
तुमच्या पोलिसांना संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर पाठवा एकदा. पण दिव्याचं आवडलं. तपासायचं ते असं बारीक तपासायचं.

खिडकीची_सीट
ताई, मी एकोणीस वर्षांची. दहावीपासून अंबरनाथ-दादर एकटी करतेय. मुलीच्या बाजूने लिहिते.

पहिल्याच वर्षी दादरच्या पुलावर गर्दीत एका माणसाने मुद्दाम कोपर मारलं. दोनदा. मी घरी सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून नाही. सांगितलं तर क्लास बंद होईल हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून. मग सहा महिने मी लांबच्या पुलावरून जायचे आणि उशीर झाला की घरी गाडीच्या नावाने खोटं सांगायचे. मध्य रेल्वे उशिरा धावते यावर कोणाचाही विश्वास बसतो.

शेवटी सांगितलं ते डब्यातल्या एका काकूंना. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासोबत पुलावरून आल्या. मी ओळखल्यावर त्यांनी त्या माणसाला असं काही झापलं की अख्खा पूल थांबला.

तुम्ही काय शिकवायचं विचारलंत. तिला आधीच सांगा की काही झालं तरी मल्लखांब बंद होणार नाही. आणि ते पाळा. नाहीतर तुम्हाला लोकेशन दिसेल, बाकी काही कळणार नाही. आणि दुपारी ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यातच बसायला सांगा. चार दिवस तेच चेहरे दिसले की ओळख होते.

बंडूनाना
हे मात्र बरोबर. आमच्या मुलाने तीन वर्षं नापास झालेल्या विषयाचं सांगितलं नव्हतं. त्याचं लोकेशन कॉलेजातच दिसायचं.

निशिगंधा७८
सर्वांचे आभार. पाच आठवडे झाले, म्हणून कळवते.

पहिले दोन आठवडे मी शेजारच्या डब्यात होते, तिला माहीत होतं. तिसऱ्या आठवड्यापासून एकटी. लोकेशन बंद. दादरला पोहोचल्यावर आणि परळला गाडीत बसल्यावर एकेक मेसेज, एवढंच ठरलंय. 'खिडकीची सीट'चं वाक्य मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि दोरीला लावायचं मेण शोधत बसली. मला वाटलं, ऐकलंच नाही.

मागच्या मंगळवारी पाऊण तास उशीर झाला. मी गॅलरीत. आली, जेवली, झोपली. मी विचारलं नाही, म्हणजे विचारणार होते, सासऱ्यांनी डोळ्यांनी दटावलं. गुरुवारी भाजी निवडताना आपणहून म्हणाली, परळला गेलेच नाही, कंटाळा आला, दादरलाच फास्ट पकडली. डोंबिवलीला उतरता आलं नाही, थेट कल्याण. तिथून उलट्या गाडीने परत. आणि एक बाई तिच्या केसांवर ओरडल्या, तर ही रडली.

मी विचारलं, त्या बाईंना काय म्हणालीस?

"सॉरी म्हटलं. मग त्यांनीच मला कल्याणला कुठल्या प्लॅटफॉर्मवर जायचं ते दाखवलं."

मावशी, पास परळपर्यंतचाच आहे. केस आता आंबाड्यात बांधून जाते. 'ऱ्हाईनकाठी', दिवा लागला का मग?