काजूच्या बागेतील रान काढण्यासाठी कोयता कसा निवडावा?

सड्यावरचा:
राजापूर तालुक्यात आमची सुमारे दीड एकराची वडिलोपार्जित काजूची बाग आहे. बरीच वर्षे बेणणी (तण-झुडपांची तोडणी) न झाल्यामुळे झाडांच्या बुंध्यांपर्यंत रानमोडीचे तण माजले आहे, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या उठल्या आहेत, शिवाय कुडा आणि किंजळ यांची मनगटाएवढ्या जाडीची झाडे मधूनमधून उभी आहेत. जमीन कातळाची आणि दगडगोट्यांची असल्याने ग्रास कटर चालवायला माणसे तयार होत नाहीत, म्हणून पाऊस सरल्यावर हे काम हाताने करण्याचा विचार आहे. ऑनलाइन मिळणारी लांब, सरळ पात्याची मशेटी घ्यावी की लोहाराकडून कोयता करून घ्यावा? वजन, लांबी आणि पोलाद यांबाबत काय पाहावे? मी डावखुरा आहे, त्याने काही फरक पडतो का, हेही कृपया सांगावे.

ऐरण:
आपल्या वर्णनावरून कोयताच योग्य ठरेल. सरळ मशेटीचे पाते साधारण दोन ते तीन मिलिमीटर जाड आणि दीड फूट लांब असते, त्यामुळे ती ओल्या, मऊ देठांतून सहज जाते, पण मनगटाएवढ्या किंजळीवर मारली की पाते थरथरते आणि तो हादरा थेट कोपरापर्यंत पोहोचतो. शिवाय लांब पात्याला हात फिरवायला मोकळी जागा लागते, जी काजूच्या खाली वाकलेल्या फांद्यांमध्ये मिळत नाही. कोयत्याची पाठ पाच-सहा मिलिमीटर जाड असते, वजन टोकाकडे असते आणि पुढची चोच आत वळलेली असल्यामुळे करवंदीची काटेरी फांदी हात न लावता ओढून घेता येते. दहा ते बारा इंचांचे पाते आणि एकूण पाऊण किलोच्या आसपास वजन असलेला कोयता सवय नसलेल्या माणसालाही पेलतो. याहून जड कोयता दुकानात उचलून पाहताना दमदार वाटतो, पण तासाभराने हात भरून येतो आणि घाव चुकू लागतात.

पोलादाविषयी सांगायचे तर, ट्रकच्या कमानपाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) कोयता मागावा. त्या पोलादात कार्बनचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या वर असल्यामुळे त्याला पाणी चढते, म्हणजे तापवून तेलात विझवल्यावर धार कडक होते. साध्या लोखंडी पट्टीतील कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असतो, त्यामुळे तिला कितीही पाणी दिले तरी धार दगडाला लागताच दुमडते. आठवडी बाजारात रंगवून ठेवलेले चकचकीत कोयते पुष्कळदा अशा पट्टीचेच असतात. ओळखण्यासाठी जुनी बारीक कानस धारेवर हलकेच ओढावी: पाणी नीट बसले असेल तर ती घसरते, नसेल तर लोखंडात रुतते. पाते बोटांवर तोलून दुसऱ्या लोखंडाने टकटक करून पाहावे. खणखणीत आवाज न येता बद आवाज आला, तर आत चीर असण्याचा संभव असतो.

मुठीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पात्याची शेपूट मुठीतून आरपार काढून मागच्या टोकाला ठोकून बसवलेली असावी आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी असावी. नुसती लाखेने चिकटवलेली मूठ उन्हाळ्यात आकसते आणि ऐन घावाच्या वेळी पाते निसटते. मुठीचे टोक किंचित खाली वळलेले असले, तर घामाने ओला झालेला हात सटकत नाही.

डावखुरेपणाचा फरक पडतो. कोयत्याला एकाच बाजूने उतार असेल, तर तो उजव्या हाताच्या हिशेबाने काढलेला असतो आणि डाव्या हाताने मारल्यास घाव लाकडात न शिरता बाहेर फेकला जातो. आधी सांगितले तर लोहार दोन्ही बाजूंनी उतार काढून देतो.

पोफळी:
ऐरण यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु मशेटी त्यांनी जरा घाईने बाद केली, असे वाटते. दीड एकरातील निम्म्याहून अधिक रान रानमोडीचे असेल, तर तिच्या ठिसूळ देठांसाठी कोयत्याने सतत कंबरेत वाकणे हे कष्टाचे काम आहे. लांब पात्याने उभ्याउभ्या झोडपता येते. तरीही पैसे एकाच हत्यारावर खर्च करायचे असतील, तर कोयताच घ्यावा, हे मान्य.

रानमोडीबाबत वेळही महत्त्वाची आहे. थंडीत ती फुलते आणि तिचे केसाळ बी वाऱ्यावर सर्वदूर जाते, म्हणून फुलोऱ्यापूर्वीच ती काढावी. जमीन ओलसर असेपर्यंत कोवळी झाडे मुळासकट उपटूनही येतात.

तोडताना डाव्या-उजव्या कोणत्याही मोकळ्या हातात बेळके (टोकाला दुभंगलेली काठी) ठेवावे आणि जाळी त्याने बाजूला रेटावी. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे भरपूर आहे आणि ते दगडांच्या व पाचोळ्याच्या रंगात पूर्ण मिसळून जाते. गमबूट घातल्याशिवाय गडग्याजवळ जाऊ नये. झुडूप बेळक्याने वाकवले की बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात. घाव त्या ताणलेल्या बाजूवर बसला तर दोन घावांचे काम एका घावात होते. खुंट शक्य तितका जमिनीलगत आणि सपाट राहू द्यावा, कारण तिरपा तोडलेला कुडा नंतर बुटाच्या तळव्यातूनही वर येतो.

सड्यावरचा:
दोघांचेही आभार. घाणेरी तोडली की दुप्पट जोमाने फुटते, असे शेजारी म्हणतात. त्यासाठी वेगळे पाते लागते का? आणि कोयता मुंबईहून एस.टी.ने नेण्यात कायद्याची काही अडचण येईल का?

ऐरण:
घाणेरीसाठी कोयता अपुराच पडतो, मग पाते कोणतेही असो. तिला जमिनीलगतच्या बुडख्यातून नवे फुटवे येतात, म्हणून वरचा पसारा कोयत्याने उतरवून मुख्य मूळ मातीच्या तीन-चार सेंटिमीटर खाली तोडावे लागते आणि ते झुडूप उलटे करून वाळू द्यावे लागते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत जंगलांमध्ये वापरून दाखवली आहे. या कामाला कुदळ किंवा टिकाव घ्यावा. कोयता मातीत मारला, तर एका दुपारीत त्याची धार जाते.

कायद्याचे म्हणाल, तर शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. तरीही उघडा कोयता घेऊन एस.टी.त चढणे सहप्रवाशांना घाबरवणारे ठरते, म्हणून तो गोणपाटात घट्ट गुंडाळून सामानात ठेवावा. त्याहून सोपे म्हणजे तिकडच्याच लोहाराकडून करून घ्यावा. दुरुस्तीलाही तोच उपयोगी पडतो.

पोफळी:
एक राहिले. गावातल्या एमरी दगडावर (यंत्राने फिरणाऱ्या धारेच्या दगडावर) धार लावून घेणार असाल, तर समोर उभे राहावे. घासताना तापून कडेवर निळा रंग चढला की तेवढ्या भागाचे पाणी उतरलेले असते. घरी कानशीने धार लावणेच बरे, आणि पावसाळ्यात ठेवताना पात्याला जळके ऑइल फासावे.